हंगाम आणि सामाजिक : छत्रपती संभाजीनगरच्या हौशी रंगभूमीच्या आश्रयाचा विचार

एखाद्या नाट्यसंस्थेच्या आगामी हंगामाचा परामर्श घेताना समीक्षकाची दृष्टी प्रथम नाटकांच्या यादीकडे वळते. नाटके कोणती निवडली, ती नवी की जुनी, दिग्दर्शन कोणाचे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु हौशी रंगभूमीच्या बाबतीत त्यांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. ज्या गावात हा हंगाम व्हावयाचा, त्या गावात त्याची वाट कोण पाहत असते? व्यावसायिक रंगभूमीला या प्रश्नाचे उत्तर तिकीटविक्रीच्या खिडकीवर मिळते. हौशी रंगभूमीला ते अन्यत्र शोधावे लागते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कारण या शहराने मराठी रंगभूमीला लेखक, नट व दिग्दर्शक विपुल दिले, मात्र स्वतःचा असा नाट्यहंगाम त्याला स्थिरपणे लाभला नाही. ही विसंगती कशी निर्माण झाली याचा विचार केल्याखेरीज पुढील कोणत्याही हंगामाचे मूल्यमापन अपुरेच राहील.

१

प्रारंभी ज्या शब्दांनी हा व्यवहार मराठीत व्यक्त होतो ते शब्द तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. 'हंगाम' हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ वेळ, काळ. मराठीत त्याला 'योग्य काळ' ही छटा प्राप्त झाली. मराठवाड्यात हा शब्द उच्चारताच खरीप व रब्बी डोळ्यांसमोर येतात, त्यानंतर ऊसतोडणी येते. या सर्व प्रयोगांत एक समान गृहीत आहे : हंगाम येण्यापूर्वी कोणीतरी काहीतरी पेरलेले असते. ज्याने पेरले नाही त्याला ऋतू असतात, हंगाम नसतो.

महाराष्ट्रातील ज्या नाट्यप्रकारांना खऱ्या अर्थाने हंगाम आहे, तेथे हे गृहीत स्पष्ट दिसते. तमाशाच्या फडांचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावी फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन आपल्या जत्रेसाठी सुपारी देतात. खेळ होण्यापूर्वीच गावाने वर्गणी जमविलेली असते. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची रंगभूमी याहूनही बोलके उदाहरण आहे. तिचा हंगाम भाऊबीजेच्या सुमारास उघडतो व होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज अर्थात वडसा हे नाट्यमंडळ्यांचे प्रमुख केंद्र. आणि प्रयोग ठरवितात ती गावातील मंडळे. नाटकाच्या निमित्ताने सोयरेधायरे गावात येतात, घरोघरी पाहुणचार होतो, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. तेथील नाटकांच्या वाङ्मयीन गुणवत्तेविषयी मतभेद होऊ शकतील. त्यांची वाट पाहणारा समाज आहे याविषयी मतभेद होऊ शकत नाही.

दुसरा शब्द 'आश्रय'. अर्वाचीन मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीत राजाश्रयाने झाला. चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. १८५१ साली त्या आश्रयदात्याचे निधन झाले आणि १८५३ साली भाव्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केला. एका दशकातच आश्रय राजाकडून प्रेक्षकाकडे गेला, व प्रेक्षक 'मायबाप' झाला. 'मायबाप' या संबोधनात राजाश्रयाचीच भाषा शिल्लक आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे : दाता बदलला, याचकाची मुद्रा बदलली नाही.

तिसरा शब्द 'हौशी'. 'हौस' हा अरबी मूळ असलेला, फारसीमार्गे मराठीत स्थिरावलेला शब्द. हौशी रंगभूमी म्हणजे हौसेने नाटक करणाऱ्यांची रंगभूमी. या नावात नाटक करणारा आहे, त्याची इच्छा आहे. पाहणारा मात्र नाही. नावातील ही उणीव पुढे व्यवहारातही उतरली असे म्हणण्यास जागा आहे.

याउलट संस्कृत नाट्यमीमांसेने प्रेक्षकासाठी 'सामाजिक' हा शब्द योजला. येथे 'समाज' म्हणजे एकत्र जमलेला समुदाय, मेळावा. अशोकाच्या पहिल्या गिरिलेखातही हा शब्द उत्सवी मेळाव्याच्या अर्थाने येतो. 'सामाजिक' हा आश्रयदाता नव्हे व गिऱ्हाईकही नव्हे. तो समुदायाचा घटक या नात्याने रसाचा अधिकारी होतो. मराठीत 'सामाजिक' या शब्दाचा हा अर्थ लोपला आणि 'सामाजिक नाटक' म्हणजे समाजाच्या प्रश्नांविषयीचे नाटक एवढाच अर्थ राहिला. हौशी रंगभूमीच्या आश्रयाचा विचार करताना हा लुप्त अर्थ पुन्हा हाती घेणे इष्ट आहे. औरंगाबादच्या नाट्येतिहासातील तीन प्रसंग त्याच्या साह्याने अधिक स्पष्ट होतात.

२

पहिला प्रसंग 'युगयात्रा' या नाटकाचा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथील प्राध्यापक म. भि. चिटणीस यांनी १९५५ साली 'युगयात्रा' लिहिले. रामायणकाळापासून आधुनिक काळापर्यंत अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या वाट्याला आलेल्या अन्यायाची परंपरा हे नाटक मांडते. महाविद्यालयातील त्याचा प्रयोग डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाहिला. १९५६ साली नागपूर येथील धर्मदीक्षेच्या निमित्तानेही त्याचा प्रयोग झाला.

या नाटकाची चर्चा दलित रंगभूमीचा आरंभबिंदू म्हणून होते व ती योग्यच आहे. तथापि आश्रयाच्या दृष्टीने त्याचे वेगळेपण पुरेसे नोंदले गेलेले नाही. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. उच्च शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. आणि मिलिंदच्या आवारात जे विद्यार्थी जमले होते त्यांपैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच पिढी होती. 'युगयात्रा'चे प्रेक्षक, नट, यजमान व विषय हे चारही एकाच समुदायातून आलेले होते. येथे कोणी कोणाला आश्रय दिला असे म्हणताच येत नाही. प्रेक्षक हा नाटकाच्या युक्तिवादातील एक पक्ष होता. 'सामाजिक' या शब्दाचे दोन्ही अर्थ, जुना व नवा, या प्रयोगात एकत्र आले.

परंतु या आश्रयाची मर्यादाही येथेच दिसते. ज्या समुदायाला स्वतःची कथा प्रथमच रंगमंचावर दिसली, त्याची ओढ त्या कथेपुरती तीव्र होती. तिचे रूपांतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या नाट्यहंगामात करावयाचे तर रंगमंदिर, तालमीची जागा व निधी यांची नियमित व्यवस्था लागते. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली औरंगाबादेतून निघालेल्या 'अस्मितादर्श'ने दलित साहित्याला वाचकांचा स्थिर समुदाय मिळवून दिला. नियतकालिकाला वर्गणीदार असतात. ते पुढचा अंक येण्यापूर्वी पैसे देतात. नाटकाला मात्र या शहरात असा वर्गणीदार मिळाला नाही. हा फरक आस्थेतला नाही, व्यवस्थेतला आहे.

३

ही पोकळी शासनाने भरून काढली. तत्कालीन मुंबई राज्याने १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा त्या राज्यात सामील झाल्यावर येथील संस्थांना ती खुली झाली. स्पर्धेचे ऋण मोठे आहे. तिने रंगमंच दिला, खर्चाचा काही भार उचलला, आणि मुख्य म्हणजे ठरलेली तारीख दिली. हौशी संस्थेला तारखेइतके दुसरे कशाचेही साह्य नसते. तारीख नसेल तर तालीम लांबत जाते आणि नाटक बसतच नाही.

तथापि स्पर्धेने दिलेला हंगाम हा परीक्षेचा हंगाम आहे. नाटक परीक्षकांसाठी बसविले जाते. प्राथमिक फेरीत सभागृहात बहुधा अन्य संस्थांचे कलावंत, त्यांचे मित्र व नातलग असतात. आणि पुढील फेरीत प्रवेश मिळाला नाही तर महिन्यांच्या श्रमांचा शेवट एका प्रयोगाने होतो. नाटक प्रयोगागणिक वाढते, दुसऱ्या व दहाव्या प्रयोगात नटाला भूमिकेचा नवा तळ सापडतो, हा अनुभव हौशी नटाला दुर्मीळ होतो. याचा परिणाम संहितेवरही होतो. एकदाच पाहिले जाणारे नाटक पहिल्याच भेटीत प्रभाव पाडू पाहते. प्रतीके ठळक होतात, प्रकाशयोजना बोलकी होते, संवाद मात्र कानात रेंगाळत नाहीत. स्पर्धेतील नाटकांवर क्लिष्टतेचा जो आक्षेप वारंवार घेतला जातो, त्याचे मूळ लेखकांच्या स्वभावात कमी व या आश्रयव्यवस्थेत अधिक आहे.

४

दुसरा प्रसंग लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगाचा. देशपांडे विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात प्राध्यापक होते व विभागप्रमुखही झाले. १९७९ साली त्यांनी हा प्रयोग सुरू केला. मराठवाड्यातील एका खेड्यातून लग्नासाठी लंडनला निघालेले वऱ्हाड, त्यातील ५२ व्यक्तिरेखा आणि त्या सर्व वठविणारा एक नट, असे त्याचे स्वरूप. २००९ साली देशपांडे यांचे निधन झाले. तोवर या प्रयोगाने महाराष्ट्र व्यापून परदेशही गाठला होता.

या प्रयोगाची भाषा हा भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा भाग. 'महं', 'तुहं' म्हणणारी मराठवाडी बोली शहरी रंगमंचावर बहुधा गडी, पाहुणा किंवा विनोदी पात्र यांच्या वाट्याला येते. प्रमाण मराठी बोलणारी पात्रे तिला हसतात व प्रेक्षक त्यांच्या बाजूने हसतो. देशपांडे यांनी ही रचना उलटविली. त्यांच्या प्रयोगात बोली हीच सर्वसाधारण भाषा आहे. बावरलेले ठरते ते लंडन. हशा येतो, परंतु हसणारा त्या वऱ्हाडात सामील झालेला असतो. मराठवाड्याच्या भाषेला पुण्यामुंबईच्या सभागृहांत असा अधिकार मिळवून देणे ही सामान्य कामगिरी नव्हे.

मात्र हेच यश आश्रयाच्या दृष्टीने पाहिले तर ते एक दुखरी जागा दाखविते. एकपात्री प्रयोगाला संस्था लागत नाही. नेपथ्य नाही, तालमीची जागा नाही, दहा जणांच्या रजा जुळविणे नाही. जे शहर ५२ नटांचे वऱ्हाड पोसू शकत नव्हते, त्याने ते सर्व वऱ्हाड एका नटाच्या देहात कोंबले आणि जगभर पाठविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल. पण त्या अतिशयोक्तीत तथ्यांश आहे.

५

तिसरा प्रसंग 'जिगीषा' या संस्थेचा. १९८०च्या दशकात औरंगाबादेतील तरुणांनी ही संस्था उभारली. चंद्रकांत कुलकर्णी व प्रशांत दळवी ही तिच्यातून पुढे आलेली प्रमुख नावे. पुढे ही मंडळी मुंबईस गेली. दळवी यांचे 'चारचौघी' कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली १९९१ साली व्यावसायिक रंगभूमीवर आले व २०२२ साली नव्या संचात पुन्हा आले. एक आई व तिच्या तीन मुली यांच्या निर्णयस्वातंत्र्याचा प्रश्न त्यात ज्या धीटपणाने मांडला आहे, तो मराठी नाटकाचा स्थायी ठेवा आहे.

या स्थलांतराबद्दल शहरात अभिमान व्यक्त होतो. तो स्वाभाविक आहे. पण समीक्षेने अभिमानापाशी थांबू नये. ज्या वयात संस्थेचे सभासद शिकत होते त्या वयात शहराने त्यांना सांभाळले; ज्या वयात ते परिपक्व नाटक देऊ लागले त्या वयात ते नाटक शहराकडे पाहुणे म्हणून आले. संत एकनाथ रंगमंदिरात मुंबईच्या नाटकाला तिकीट काढून गर्दी करणारा रसिक आणि स्थानिक संस्थेच्या प्रयोगाला प्रवेशिका मागणारा रसिक हा पुष्कळदा एकच असतो. स्थानिक नाटक फुकट पाहावयाचे असते ही समजूत स्थानिक नाटकाविषयीचा एक निर्णयच आहे. शिवाय या वाटेवर भाषाही बदलते. 'चारचौघी'ची भाषा नागर प्रमाण मराठी आहे व त्या नाटकाची ती गरजच आहे. परंतु महानगराच्या प्रेक्षकासाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक नाटकाबरोबर मराठवाड्याच्या बोलीत गंभीर नाटक लिहिले जाण्याची एक शक्यता मागे पडते. ते नाटक लिहिले जाईल तर ज्यांच्या कानांना त्या बोलीचे हसू येत नाही अशा प्रेक्षकांसमोरच. आणि असे प्रेक्षक येथेच आहेत.

६

या तीन प्रसंगांवरून एक निष्कर्ष निघतो. या शहरात समुदायाने नाटक जवळ केले ('युगयात्रा'), व्यक्तीने ते पेलले ('वऱ्हाड'), संस्थेने ते घडविले ('जिगीषा'). पण समुदाय, व्यक्ती व संस्था या तिघांना वर्षानुवर्षे बांधून ठेवणारा आगाऊ विश्वास निर्माण झाला नाही. देणगीदार लाभले, त्यांची नावे स्मरणिकेत छापली गेली. देणगी झालेल्या कार्याला मिळते, वर्गणी होणाऱ्या कार्याला. नाटकाची यादी जाहीर होण्यापूर्वी, किंबहुना नाटक लिहिले जाण्यापूर्वी, ज्यांनी वर्षाची वर्गणी भरली आहे असे तीनशे प्रेक्षक एखाद्या संस्थेपाशी असतील, तर तिला एका नाटकाचे पाच प्रयोग करता येतील, फसलेला प्रयोग सुधारता येईल, आणि बोलीतील संहितेला हात घालण्याचे धैर्यही येईल. फसण्याची मुभा हाच आश्रयाचा सर्वांत मोलाचा भाग असतो. तो परीक्षक देऊ शकत नाही व तिकिटाची खिडकीही देऊ शकत नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, वर्गणीदाराची रुची हीच नाटकाला बेडी ठरेल. झाडीपट्टीत लोकाश्रय आहे, पण प्रयोगशीलता किती आहे? आक्षेप निराधार नाही. ज्याने पैसे पेरले तो आपल्या आवडीचे पीक मागणारच. परंतु 'युगयात्रा'चा दाखला याच्या विरुद्ध आहे. तेथील समुदायाने रंजन मागितले नव्हते. स्वतःविषयीचे कटू सत्य पाहण्याची त्याची तयारी होती. प्रेक्षकाची रुची ही हंगामापूर्वीच सिद्ध असलेली वस्तू नव्हे. ती हंगामागणिक घडते, आणि तिला घडविण्याचे काम संस्थेइतकेच समीक्षेचे व विद्यापीठाचेही आहे.

म्हणून पावसाळा सरताच शहरातील संस्था आपापल्या हंगामाची घोषणा करतील तेव्हा अभ्यासकाने यादीतील नाटकांबरोबर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात : यांतील किती नाटकांचे दुसरे, तिसरे प्रयोग आधीच ठरले आहेत, आणि त्या प्रयोगांना येणाऱ्यांपैकी कितींनी आपली जागा नाटकाचे नाव न विचारता राखून ठेवली आहे. या दोन आकड्यांत त्या वर्षीच्या रंगभूमीचे भवितव्य पुष्कळसे सामावलेले असेल.