'लॉस्ट'चा शेवटचा भाग आणि प्रेक्षकांचे तीन आक्षेप : प्रतिक्रिया तपासावी कशी?

हे टिपण एका दूरचित्रवाणी मालिकेच्या शेवटच्या भागाबद्दल आहे. अभियांत्रिकीच्या वर्गात मालिकांचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर माझ्याच एका चुकीत आहे, म्हणून आधी ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी संवादकौशल्याच्या तासाला मी 'निष्कर्ष आणि पुरावा' हा घटक शिकवत होतो. 'प्रेक्षकांची फसवणूक करणारा शेवट' याचे उदाहरण म्हणून मी 'लॉस्ट'चे नाव घेतले आणि बिनदिक्कत सांगितले, "सहा वर्षे रहस्य ताणले आणि शेवटी काय, तर सगळे पहिल्या दिवशीच मेलेले होते." मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, तुम्ही शेवटचा भाग पूर्ण पाहिलाय?" मी पाहिला होता, पण उत्तरपत्रिका तपासता तपासता. त्या रात्री पुन्हा नीट पाहिला. विद्यार्थी बरोबर होता. प्रयोग न करता शेजाऱ्याच्या जर्नलमधून रीडिंग उतरवणाऱ्यांचे गुण मी कापतो. इथे मी स्वतःच दुसऱ्यांची प्रतिक्रिया उतरवून घेतली होती.

१. पार्श्वभूमी

'लॉस्ट' ही मालिका अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले ओशॅनिक ८१५ हे विमान एका अज्ञात बेटावर कोसळते. वाचलेल्या माणसांना तिथे धुराचा राक्षस दिसतो, उष्ण कटिबंधात ध्रुवीय अस्वल दिसते, जमिनीत पुरलेले पोलादी झाकण सापडते आणि 'धर्मा इनिशिएटिव्ह' नावाच्या संशोधन प्रकल्पाची ओसाड केंद्रे सापडतात. ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे ठिकठिकाणी भेटत राहतात. त्यांची बेरीज १०८.

मालिकेची धुरा मुख्यतः डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज या दोन लेखकांकडे होती. 'द एंड' हा शेवटचा भाग त्यांनीच लिहिला, जॅक बेंडर यांनी दिग्दर्शित केला आणि तो २३ मे २०१० रोजी प्रसारित झाला. अमेरिकेत तो सुमारे १ कोटी ३५ लाख लोकांनी पाहिला. काहींनी त्याला डोक्यावर घेतले, काहींनी शिव्या घातल्या. शिव्या घालणाऱ्यांचे म्हणणे सुटे करून पाहिले तर त्यात तीन वेगवेगळे आक्षेप निघतात. तिन्हींची तपासणी एकाच पट्टीने होत नाही. या टिपणाचा मुख्य मुद्दा हाच.

२. पहिला आक्षेप : 'सगळे आधीच मेलेले होते'

हा आक्षेप वस्तुस्थितीबद्दल आहे, त्यामुळे तो चूक की बरोबर हे ठरवता येते. तो चूक आहे.

सहाव्या पर्वात दोन धागे शेजारी शेजारी चालतात. एक बेटावरचा. दुसऱ्यात विमान कोसळलेच नाही आणि सगळे आपापल्या आयुष्यात परतले, असे दिसते. शेवटच्या भागात कळते की हा दुसरा धागा मृत्यूनंतरचा आहे. पुढे जाण्याआधी एकमेकांना भेटता यावे म्हणून या माणसांनीच निर्माण केलेली ती जागा आहे. जॅकचे वडील जॅकला स्पष्ट सांगतात की त्याच्या बाबतीत जे घडले ते सगळे खरे होते. प्रत्येक जण कधी ना कधी मरतो, कोणी त्याच्या आधी, कोणी त्याच्यानंतर बऱ्याच काळाने. म्हणजे बेटावरचे आयुष्य खरे, मरणे खरे आणि भेट त्यानंतरची. संवाद इतका सरळ आहे की लक्ष देऊन ऐकणाऱ्याचा घोटाळा व्हायला नको.

तरीही हजारोंचा झाला. का? मला तीन कारणे दिसतात. पहिले, शेवटच्या श्रेयनामावलीवर किनाऱ्यावरच्या विमानाच्या अवशेषांची निर्मनुष्य दृश्ये होती. माणसे नाहीत, म्हणजे कोणी वाचलेच नव्हते, असा अर्थ लोकांनी लावला. प्रत्यक्षात ती दृश्ये वाहिनीने जोडली होती. मालिका संपताच थेट बातम्यांवर आदळू नये, प्रेक्षकाला जरा उसंत मिळावी, एवढाच हेतू. वाहिनीने तसा खुलासाही केला. मार्च २०१४ मध्ये लॉस एंजेलिसला मालिकेच्या दशकपूर्तीच्या कार्यक्रमात लेखकांना तोच खुलासा पुन्हा करावा लागला. दुसरे, 'हे सगळे परलोकात चालले आहे' हा तर्क पहिल्या पर्वापासूनच फिरत होता आणि लेखक तो वारंवार नाकारत होते. शेवटी परलोक दिसताच, तो कोणत्या धाग्यात दिसला हे न पाहता, 'आम्ही म्हणत नव्हतो!' असे लोकांनी म्हटले. तिसरे कारण माझा अंदाज आहे. दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग अमेरिकेत २ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला होता. पुढे अनेकांनी मालिका सोडली आणि त्यांतले काही फक्त शेवट पाहायला परतले असावेत. मधली पाने न वाचता शेवटचे पान वाचले की असे होते.

इथे निर्मात्यांचाही दोष आहे. यंत्र नीट असले तरी त्यावरची पाटी दिशाभूल करणारी असेल, तर अपघाताची जबाबदारी नुसती चालकावर ढकलता येत नाही.

३. दुसरा आक्षेप : 'प्रश्नांची उत्तरे दिली नाहीत'

हा आक्षेप अर्धा खरा आहे. म्हणून 'उत्तरे मिळाली नाहीत' असे मोघम म्हणण्याऐवजी यादी करा. मी वर्गात फळ्यावर तीन रकाने करतो : उत्तर मिळाले, अर्धे मिळाले, मिळाले नाही.

धुराचा राक्षस कोण? मिळाले. विमान का कोसळले? मिळाले, तेही दुसऱ्या पर्वातच. आकड्यांचे काय? अर्धे. सहाव्या पर्वात कळते की प्रत्येक आकडा बेटाच्या रक्षकपदाच्या एकेका उमेदवाराचा आहे, पण हेच आकडे का, हे मालिकेत येत नाही. त्याबद्दलचे एका गणिती समीकरणाचे स्पष्टीकरण २००६ च्या 'द लॉस्ट एक्स्पीरियन्स' या मालिकेबाहेरच्या खेळात दिले गेले. अस्वलांबद्दलचे उरलेसुरले तपशील २०१० मध्ये डीव्हीडीसोबतच्या 'द न्यू मॅन इन चार्ज' या सुमारे बारा मिनिटांच्या जोडपत्रात आले. बेटावर गर्भवती का दगावतात, याचे पक्के कारण मूळ मालिकेत कुठेच नाही. वॉल्ट या मुलाच्या शक्तींचे काय, हेही नाही. त्यामागे व्यावहारिक अडचण होती. पहिल्या पर्वात कथेतले ४४ दिवस उलटतात आणि तेवढ्यात खरा मुलगा वर्षाने वाढतो.

यादी केल्यावर खरी तक्रार पुढे येते आणि ती माझीही आहे. शेवटच्या भागात सर्वांत मोठा उलगडा ज्या रहस्याचा होतो, ते दुसऱ्या धाग्याचे रहस्य सहाव्या पर्वातच निर्माण केलेले आहे. जुने कर्ज तसेच ठेवून नवे कर्ज काढायचे आणि ते वाजतगाजत फेडायचे, असा हा प्रकार झाला. मालिका कधी संपणार हे मे २००७ मध्येच जाहीर झाले होते. तीन वर्षे हाताशी असताना ही तारांबळ का, असे प्रेक्षकाने विचारले तर तो हट्टी ठरत नाही.

४. तिसरा आक्षेप : 'विज्ञान सोडून श्रद्धेकडे वळले'

हा आक्षेप मूल्यांचा आहे. तो चूक किंवा बरोबर ठरत नाही. त्यामागची अपेक्षा रास्त होती का, एवढेच पाहता येते.

धर्मा केंद्रे, विद्युतचुंबकीय क्षेत्र, पाचव्या पर्वातला कालप्रवास हे सगळे पाहून कार्यकारणभावाची अपेक्षा धरणे रास्तच होते. शेवटी बेटाच्या पोटात प्रकाशाचा झरा आणि त्यावर दगडी बूच निघते, तेव्हा तुमच्यामाझ्यासारख्याची निराशा होते. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागाचे शीर्षकच 'मॅन ऑफ सायन्स, मॅन ऑफ फेथ' असे होते. डॉक्टर जॅक आणि श्रद्धाळू लॉक यांचे भांडण हाच कथेचा कणा होता आणि जॅक कुठे वळणार याच्या खुणा आधीपासून होत्या. जॅकचा डोळा बांबूच्या वनात उघडतो तिथे मालिका सुरू होते आणि तिथेच तो डोळा मिटतो तेव्हा ती संपते. शेजारी कुत्रा येऊन बसतो, वर आपल्या माणसांना घेऊन विमान निघून जाते. माणसाची गोष्ट म्हणून हा शेवट मला आजही खरा वाटतो. कोडे म्हणून तो अपुरा आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी करता येतात आणि त्यांची सरासरी काढायची गरज नाही.

५. एकशे आठ मिनिटांचे बटण

मालिकेतच या विषयावरचा एक उत्तम धडा आहे. दुसऱ्या पर्वात भूमिगत 'स्वान' केंद्रात दर १०८ मिनिटांनी ते आकडे संगणकात भरून बटण दाबावे लागते. नाही दाबले तर अनर्थ होईल, असे सांगितलेले असते. पुढे लॉक 'पर्ल' या दुसऱ्या केंद्रात एक फिल्म पाहतो. बटण दाबणे हा फक्त मानसशास्त्रीय प्रयोग आहे, असे ती फिल्म सांगते. लॉक ते लगेच मानतो आणि बटण दाबू द्यायचे नाही असे ठरवतो. पण पर्लच्या निरीक्षकांनी नळीतून पाठवलेल्या नोंदवह्या माळरानावर ढीग होऊन पडलेल्या असतात. त्या कोणीच वाचलेल्या नसतात. म्हणजे प्रयोग कदाचित निरीक्षकांवरच होता. लॉकसोबतचा डेझमंड पर्लमधून आणलेला छापील कागद तपासतो. त्यात यंत्रणा बिघडल्याची तारीख सापडते आणि ती विमान कोसळल्याच्या दिवसाचीच असते. बटण खरे असते. फक्त हे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

लॉकने जे केले तेच मी वर्गात केले होते. ठामपणे सांगणाऱ्याचे ऐकले आणि नोंद तपासली नाही. मालिकेबाबत याची किंमत थोडी लाज एवढीच असते. उद्या तुम्ही बॉयलरच्या किंवा पुलाच्या अहवालावर सही कराल, तेव्हा ती एवढ्यावर भागणार नाही.

म्हणून कोणतीही प्रतिक्रिया समोर आली की आधी विचारा : हा आक्षेप वस्तुस्थितीचा आहे, हिशेबाचा आहे की मूल्याचा? वस्तुस्थितीचा असेल तर मूळ पाहा, हिशेबाचा असेल तर यादी करा आणि मूल्याचा असेल तर आपली अपेक्षा कुठून आली ते शोधा. राग यायला हरकत नाही, पण तो कोणत्या रकान्यातला आहे हे कळायला हवे.

स्वाध्याय

१. तुम्हाला न आवडलेल्या एखाद्या मालिकेच्या किंवा चित्रपटाच्या शेवटाबद्दलचे तुमचे पाच आक्षेप लिहा आणि वरील तीन प्रकारांत विभागा.

२. त्यांतील वस्तुस्थितीचे आक्षेप मूळ भाग पुन्हा पाहून तपासा. एखादा चुकीचा निघाला तर तो खोडू नका, शेजारी दुरुस्ती लिहा. मीही माझ्या जुन्या टिपणात तसेच केले आहे.