उरलेले चार टक्के कुठे राहतात?

सकाळी परळच्या हॉस्पिटलांच्या बाजूने कधी गेला असाल, तर फुटपाथवर पिशव्या, फाइली आणि घरून आणलेले डबे घेऊन बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यातली बरीच मुंबईची नसतात. मी लालबागला राहते, त्यामुळे लहानपणापासून हे दृश्य पाहत आले. ही माणसं इतक्या लांब का येतात याचं एकच एक उत्तर नाही. काहींना खरोखरच मोठं हॉस्पिटल लागतं. काहींचं काम मात्र गावाजवळ भागलं असतं, तिथे वेळेवर कुणी भेटलं असतं तर.

गावाजवळ म्हणजे नक्की किती जवळ? दवाखाने कुठे असावेत याचं गणित हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. आज त्या गणितातल्या एका फार गाजलेल्या मॉडेलबद्दल थोडं कौतुकाने आणि बरंचसं तक्रारीने लिहितेय. तक्रारीत मीही आरोपी आहे.

आधी सरकारी निकष बघू. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० होतात. यातून किती दवाखाने हवेत ते कळतं, पण कुठे हवेत ते कळत नाही. तिथे आमच्यासारखे लोक येतात.

१९७१ साली टोरेगास, रेव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तातडीच्या सेवांसाठी एक प्रश्न मांडला: प्रत्येक माणूस ठरलेल्या अंतराच्या आत यायला हवा असेल, तर कमीत कमी किती केंद्रं लागतील? प्रश्न चांगला होता, पण उत्तर खिशाला न परवडणारं यायचं. म्हणून १९७४ साली रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल यांनी तो फिरवला. केंद्रं किती हे बजेटने आधीच ठरलंय, तर त्यात जास्तीत जास्त लोक कसे कव्हर होतील? हेच ते मॅक्सिमल कव्हरिंग मॉडेल. आजही जगभर दवाखाने, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन केंद्रांच्या जागांसाठी ते वापरतात.

आता एक छोटं उदाहरण. आकडे माझ्या मनाचे आहेत, पण गणित खरं आहे.

एक सरळ रस्ता घ्या. सुरुवातीला, म्हणजे शून्य किलोमीटरला, ४,००० वस्तीचं मोठं गाव. सहाव्या किलोमीटरला ८०० वस्तीचं मधलं गाव. सोळाव्या किलोमीटरला २०० माणसांची वाडी. एकूण ५,०००, म्हणजे निकषाप्रमाणे एक उपकेंद्र. रस्त्यालगत कुठेही जागा मिळेल असं धरू.

सरासरी अंतर कमीत कमी ठेवायचं असेल, तर केंद्र मोठ्या गावात येतं. सरासरी निघते फक्त १.६ किलोमीटर! कागदावर झकास दिसतं. वाडीतला माणूस मात्र १६ किलोमीटर चालतोय.

आता चर्च-रेव्हेलचं मॉडेल लावू. पाच किलोमीटरच्या आत आलेला माणूस ‘कव्हर’ झाला असं धरलं, तर केंद्र तिसऱ्या किलोमीटरला टाकता येतं. मोठं गाव तीन किलोमीटरवर, मधलंही तीनवर. ४,८०० माणसं कव्हर, म्हणजे ९६ टक्के. वाडी तेरा किलोमीटर दूर राहते.

इथे नीट बघा. ती वाडी तेरा किलोमीटरवर असो की तीसवर, उत्तर ९६ टक्केच येणार. एकदा वर्तुळाबाहेर गेलेला माणूस मॉडेलसाठी बाहेरच. त्याला एक किलोमीटरने जवळ आणण्याचे गुण मिळत नाहीत, आणि आणखी लांब ढकलण्याचा दंडही होत नाही. माझी पहिली तक्रार ही.

मी माझा पहिला प्रोग्रॅम असाच लिहिला होता. निकाल चांगला आला म्हणून खुशीत मॅडमना दाखवायला गेले. त्यांनी आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, “उरलेले कुठे राहतात?” मला सांगता येईना. प्रोग्रॅमने ते छापलंच नव्हतं, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं. नंतर यादी काढली, तर जे उरले होते ते इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. केंद्रांची संख्या एक-दोनने बदलून पाहिली, तरी पुन्हा पुन्हा त्याच वस्त्या बाहेर राहत होत्या.

मग मी मूळ पेपर पहिल्यापासून वाचला, आणि इथे कौतुक येतं. चर्च आणि रेव्हेल यांना ही अडचण तेव्हाच दिसली होती. त्याच पेपरमध्ये त्यांनी दुसरी अटही मांडलीय: सोयीच्या अंतरात जास्तीत जास्त लोक आणा, पण एका कमाल अंतराच्या बाहेर कुणालाही ठेवू नका. पुढे आपण पेपरातला पहिला अर्धा भाग उचलला आणि ही अट मागे ठेवली.

ती अट आपल्या रस्त्यावर लावून पाहू. कमाल अंतर दहा किलोमीटर. आता केंद्र सहा ते दहा किलोमीटरच्या मध्येच बसू शकतं. समजा मधल्या गावात ठेवलं. मोठं गाव सहा किलोमीटरवर गेलं, म्हणजे सोयीच्या पाचाच्या बाहेर. कव्हर झाले फक्त ८०० लोक. ९६ टक्क्यांवरून थेट १६!

“बघा, म्हणूनच ही अट कुणी लावत नाही,” असं तुम्ही म्हणाल. मला नेमकं उलटं वाटतं. १६ टक्के हा आकडा खरं बोलतोय. या रस्त्याला एक दवाखाना पुरत नाही, असं तो तोंडावर सांगतो. ९६ टक्के म्हणतो, काम झालं, फाइल बंद करा.

दुसरी तक्रार अंतराबद्दल. मॉडेलमध्ये अंतर एकदा भरलं की कायमचं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा काय झालं आठवा. प्रभादेवी आणि केईएम नकाशावर होते तिथेच राहिले. स्टेशनच्या पादचारी पुलावरून चालत जाणाऱ्याला वाट राहिली, पण गाडीला दादरचा टिळक पूल नाहीतर करी रोड गाठावा लागला. आपल्याला निदान दुसरा पूल आहे. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा संपर्कच तुटतो. उन्हाळ्यात मोजलेले पाच किलोमीटर जुलैत किती होतात, याला मॉडेलमध्ये रकाना नाही. दवाखान्याला कुलूप असेल तर काय, यालाही नाही.

मग २०० माणसांच्या वाडीसाठी दुसरं उपकेंद्र बांधायचं का? निकषात ते कधीच बसणार नाही. आणि इमारत बांधून तिथे नर्स टिकेल याचीही खात्री नाही. पण कोण कुठे जाणार हा प्रश्न उलटाही विचारता येतो, आणि महाराष्ट्रात तो विचारला गेलाय. १९७० साली जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत प्रशिक्षित बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. माझ्या नकाशावर या कामाचा एकही ठिपका पडत नाही. कारण तिथे पेशंट केंद्राकडे जात नव्हता, काळजी घेणारी बाई त्याच्या दारात येत होती.

आणि १९७३ साली आमटे कुटुंबाने हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, ती जागा तर माझ्या कुठल्याच मॉडेलने निवडली नसती. सरासरीनेही नाही, टक्केवारीनेही नाही.

याचा अर्थ गणित फेकून द्या असा नाही. दवाखान्याची जागा वजनाने किंवा वशिल्याने ठरण्यापेक्षा गणिताने ठरलेली केव्हाही बरी. पण गणिताला आपण काय विचारतो ही आपली निवड असते, आणि ती टक्केवारीच्या मागे लपवता कामा नये.

मी एक छोटा बदल केलाय. आता माझा प्रोग्रॅम टक्केवारी शेवटी छापतो. त्याआधी वर्तुळाबाहेर राहिलेल्या प्रत्येक वस्तीचं नाव, लोकसंख्या आणि अंतर येतं. यादी लांबलचक होते आणि प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर मावत नाही. मॅडम म्हणाल्या, नाही मावली तरी चालेल, तशीच दाखव.

पुढच्या वेळी कुठल्या योजनेत ‘९६ टक्के लोकसंख्येला जवळच सुविधा’ असं वाचलंत, तर तुम्हीही ती यादी मागा.