‘पांढरं सोनं’ हे मेटाफर की अतिशयोक्ती?

नेट-सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या वहीत एक तक्ता असतो. डावीकडे सिमिली, मेटाफर, हायपरबली, आयरनी. उजवीकडे उपमा, रूपक, अतिशयोक्ती, उपरोध. माझ्याही वहीत होता आणि एमए होईपर्यंत तो कामाला आला. पीएचडीच्या पहिल्या प्रेझेंटेशनला मात्र मी कापसावरच्या एका इंग्रजी लेखातली मेटाफर्स मोजून दाखवली, अकरा होती. समोरच्या मॅडम म्हणाल्या, “बरं, मग?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या अकरांपैकी एक होतं ‘व्हाइट गोल्ड’. आपल्याकडे वर्धा-हिंगणघाटच्या बाजारात कापसाला पांढरं सोनं म्हणतातच, म्हणून तेवढं एकच नीट बघू.

तक्त्याप्रमाणे हे मेटाफर, म्हणजे रूपक. पण थांबा. आपल्या अलंकारशास्त्रात रूपक व्हायला उपमेय आणि उपमान दोन्ही समोर लागतात: ‘कापूस हे सोनंच’. नुसतं ‘पांढरं सोनं आलं’ म्हटलं तर कापूस हा शब्दच गायब. उपमानाने उपमेय गिळलं. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त, म्हणजे अकराव्या शतकात, अशा जागेला रूपक म्हणत नाहीत, तो अतिशयोक्तीचा एक प्रकार आहे. पुढे त्याला रूपकातिशयोक्ती असं नाव रूढ झालं. आता तक्ता बघा: अतिशयोक्ती म्हणजे हायपरबली. मग पांढरं सोनं हायपरबली का? नाही ना. इंग्रजीत दोन्ही वाक्यं मेटाफरच. तिथे उपमेय दिसतं की लपलंय यावरून अलंकाराचं नाव बदलत नाही, आपल्याकडे बदलतं. म्हणजे आपल्या परंपरेने विचारलेला एक प्रश्न तक्त्याने पुसून टाकला: कापूस हा शब्द वाक्यातून कोणी काढला, आणि का?

आय. ए. रिचर्ड्सने १९३६ साली ‘द फिलॉसॉफी ऑफ रेटरिक’मध्ये टेनर आणि व्हेइकल हे दोन शब्द दिले. (गांधीजी सेगावला राहायला आले ते याच वर्षी. संबंध काही नाही, पण वर्ष लक्षात राहतं.) इथे टेनर कापूस, व्हेइकल सोनं. नोट्स इथेच संपतात. खरं काम इथून पुढे आहे. सोन्याबरोबर काय काय येतं? किंमत येते, हे ठीक. पण सोनं घरात जपून ठेवतात आणि अडीअडचणीला मोडतात. कापूस वेचला की ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला तो मिळेल त्या भावाने विकावा लागतो. थांबण्याची सोय व्हेइकलमध्ये आहे, टेनरमध्ये नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धाही होता. अशा जिल्ह्याबद्दलच्या लेखात ‘व्हाइट गोल्ड’ आलं की ते कोणाच्या तोंडी आहे, लेखकाच्या, व्यापाऱ्याच्या की शेतकऱ्याच्या, हे विचारावंच लागतं. मॅडमच्या ‘मग?’चं उत्तर इथे होतं.

दुसरी गडबड मेटॉनमीची. बऱ्याच नोट्समध्ये तिच्यासमोर ‘लक्षणा’ लिहिलेलं असतं. पवनारचा आश्रम कुठे आहे? धाम नदीवर. पाण्यावर कोणी आश्रम बांधत नाही, म्हणजे मुख्य अर्थ अडला. जवळचा संबंध धरून आपण ‘काठावर’ असा अर्थ घेतो. संस्कृत ग्रंथांतलं ‘गंगेवर गवळीवाडा’ हे ठरलेलं उदाहरण नेमकं असंच आहे. पण लक्षणा हा अलंकार नाही, ती शब्दशक्ती आहे. शिवाय तिच्यात सादृश्यावर उभी असलेली गौणी लक्षणाही येते, जी मेटाफरच्या अंगणात पडते. सान्निध्यावर उभी असलेली तेवढी मेटॉनमीजवळ जाते. आणि गंमत बघा, ‘आश्रम ऑन द धाम’ म्हटलं तर इंग्रजी वाचकाला तिथे काही अलंकारिक वाटणारच नाही, कारण ‘काठावर’ हा ‘ऑन’चा साधा डिक्शनरीतला अर्थ आहे. मेटॉनमी हवी असेल तर ‘दिल्लीने निर्णय घेतला’ हे वाक्य घ्या. सिनेकडकीसाठी ‘वेचणीला चार हात कमी पडतात’.

आयरनीसमोर उपरोध लिहिणं तर सोडाच. उपरोध म्हणजे सारकॅझमच्या जवळचं काहीतरी. नाटकात प्रेक्षकाला माहीत असतं आणि पात्राला नसतं, त्या ड्रामॅटिक आयरनीत कोणी कोणाला टोमणा मारत नाही.

दोष सगळा तक्त्याचा नाही. एम. एच. एब्रम्सचं ‘अ ग्लॉसरी ऑफ लिटररी टर्म्स’ (१९५७) आपण सगळे वापरतो, पण एका ओळीच्या व्याख्या काढून. मूळ पुस्तक तसं नाहीच. मेटाफर शोधायला जा, ते तुम्हाला ‘फिगरेटिव्ह लँग्वेज’ या लांब नोंदीकडे पाठवतं. तिथे मेटाफर, मेटॉनमी, सिनेकडकी एकमेकांच्या शेजारी उभ्या आहेत आणि फरक शेजारी ठेवल्यावरच कळतो. ती एक नोंद पूर्ण वाचा, तासभर लागेल. मग वहीतल्या तक्त्यात प्रत्येक जोडीपुढे तिसरा रकाना आखा आणि त्यात फक्त एवढंच लिहा: ही जोडी कुठे जुळत नाही. माझा ‘उपमा’पुढचा रकाना अजून रिकामा आहे, बाकीचे भरलेत.