वर्गातल्या साठ गळ्यांचं संगीत

पुष्कळ माध्यमिक शाळांत संगीताचं वर्ष डिसेंबरात सुरू होतं आणि स्नेहसंमेलन आटोपलं की संपतं. एरवी पंधरा ऑगस्टला देशभक्तिपर गीत, पाहुणे येणार असले तर स्वागतगीत आणि आंतरशालेय समूहगीत स्पर्धा. यात मेहनत नसते असं मुळीच नाही. एखाद्या शाळेचं समूहगीत इतकं नेटकं उतरतं की ऐकताना अंगावर काटा येतो. पण वर्गातल्या साठांपैकी ती वीस मुलं शाळेने निवडली तेव्हाच सुरात होती. उरलेली चाळीस श्रोत्यांत बसतात, आणि सगळ्या वर्गाला गायचं असेल तेव्हा त्यातल्या काहींना ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलं जातं. अपूर्णांक जमत नाहीत म्हणून मुलाला गणिताच्या तासातून उठवायला कुठलीही शाळा धजणार नाही. गाण्यात मात्र हे सर्रास चालतं. माध्यमिक शाळेतल्या संगीताचं मूळ दुखणं मला इथे दिसतं: शाळा सुरेल मुलं शोधते, मुलांना सुरेल करत नाही.

संगीत वर्गात बसून शिकता येतं, हे महाराष्ट्राला कुणी नव्याने पटवून द्यायला नको. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या आत राहिलेल्या बंदिशी स्वरलिपीत आणून क्रमिक पुस्तकांत छापल्या. पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ साली उभ्या केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत, आज गावोगावी चालतात. हे काम थोर आहे. पण ही घडण संगीत शिकायचं ठरवून आलेल्या विद्यार्थ्यासाठी होती. शाळेच्या वर्गातल्या साठ मुलांनी काहीच ठरवलेलं नसतं. शाळांनी या परंपरेतून परीक्षा तेवढी उचलली. दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर पालक आधी विचारतात, किती परीक्षा झाल्या म्हणजे गुण मिळतील? भूप आणि दुर्गा या रागांची व्याख्या पाठ असलेलं मूल भूप ऐकून ओळखतं का, हे कुणी विचारत नाही.

याहून गंभीर हेळसांड आवाजाची होते. सातवी ते दहावी हीच वर्षं आवाज फुटण्याची. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मुलग्यांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो, काही काळ त्यात हवा मिसळते. हा उतार सरळ नसतो. काल लागलेला पंचम आज चिरकतो आणि वर्ग हसतो. अशा वेळी सगळ्या शाळेची प्रार्थना एकाच पट्टीत, बहुधा काळी चारच्या आसपास, पेटीवर धरली जाते. पाचवीतल्या मुलांना आणि बहुतेक मुलींना ती सोयीची असते. नववीतला मुलगा वर पोचत नाही आणि खाली गेला तर खर्जात आवाज उमटत नाही. तो गप्प होतो. राज्यगीताचंही तेच. राजा बढे यांचं हे गीत २०२३पासून शाळाशाळांत म्हटलं जातं. शाहीर साबळे यांच्या ध्वनिमुद्रणाची चढी पट्टी लाऊडस्पीकरवर लावली की फुटत्या आवाजापुढे ओरडणं किंवा गप्प राहणं एवढंच उरतं. पाश्चात्त्य कॉयरमध्ये फुटत्या आवाजांसाठी पाच-सहा स्वरांत मावेल अशी वेगळी ओळ लिहितात. आपल्याकडे ते आणखी सोपं आहे: अशा मुलांनी षड्ज-पंचमाची आस धरावी, हाताने ताल द्यावा, चार स्वरांतलं ध्रुवपद म्हणावं, आणि दोन महिन्यांनी पट्टी पुन्हा तपासावी. ‘माझा गळा गेला’ असं चौदाव्या वर्षी मनाशी ठरवलेला मुलगा पुढे सहसा गात नाही.

अशोक रानडे यांनी भारतीय संगीताच्या सहा कोटी मांडल्या: आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. शाळेच्या संगीताला त्यातलं कलासंगीत अभ्यासक्रमापुरतं माहीत आहे आणि जनसंगीत संमेलनापुरतं. मुलं मात्र बाकीचं बाहेर शिकत असतात. आळंदीला १९१७ साली जोग महाराजांनी स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेच्या परंपरेत पोरवयातली मुलं पखवाज आणि अभंगाच्या चाली आत्मसात करतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या नावाने ढोल-ताशा पथकं उभी राहिली. ताशाची तर्री आणि ढोलाचा ठोका जुळवायला मुलं पावसात तासन्‌तास उभी राहतात. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून गरिबांच्या पोरांनाही स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद घडवला. सामान्य मुलांना ठरलेल्या वेळी, रोज, चिकाटीने शिकवलं तर काय होतं, याचा इतका ढळढळीत पुरावा हाताशी असताना गोव्याबाहेरच्या शाळांनी त्याकडे पाहिलं नाही, याची मला हळहळ वाटते.

शिक्षकाचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. चित्रकलेला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरकारी परीक्षा आहेत, त्यामुळे चित्रकला शिक्षकाचं पद शाळांत टिकून राहिलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभरावर असलेल्या शाळेसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. कला म्हणजे चित्रकला असं धरलं की संगीताचा वाटा तिथेच संपतो. संगीत विशारद झालेला गायक नेमला, तरी समोर बसलेल्या एका शिष्याला शिकवणं आणि साठ मुलांच्या वर्गाला शिकवणं यात फार अंतर आहे, आणि ते पार करायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा विषय आहे. तो श्रेणीपुरता उरकला जातो, पण माझ्या मते आजच्या चौकटीतली सर्वांत मोठी संधी तीच आहे. एकच अभंग दिंडीत कसा म्हणतात आणि भीमसेन जोशी मैफलीत कसा गातात, हे लागोपाठ ऐकवावं; सम कुठे आली ती बोटावर मोजायला लावावी; कुठल्या स्वरावर गायक थांबला ते मुलांनीच गाऊन दाखवावं, बेसूर का होईना. गळा कसाही असो, कान प्रत्येकाचा तयार होतो. त्यासाठी एक बरा स्पीकर हवा, आणि आठवड्याला असे दोन तास हवेत जे सहामाही जवळ आली की गणिताला देऊन टाकले जाणार नाहीत.