नेव्हिल शूटची सरकपट्टी

जुन्या उपकरणांच्या आठवणींत रमणाऱ्या एका इंजिनियर स्नेह्यांनी नेव्हिल शूट या इंग्रज कादंबरीकाराचे ‘स्लाइड रूल’ हे आत्मचरित्र मोठ्या आग्रहाने माझ्या हाती दिले. स्लाइड रूल म्हणजे सरकपट्टी. लॉगॅरिथमच्या खुणा असलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवावयाच्या, म्हणजे गुणाकाराचे काम लांबीच्या बेरजेने भागते. ग्रंथ १९५४ सालचा. तेव्हा ही पट्टी प्रत्येक इंजिनियराच्या हाती होती. १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डचे खिशात मावणारे गणकयंत्र निघाले आणि साडेतीनशे वर्षांची ही सेविका पाहता पाहता अडगळीत गेली. तेव्हा त्या नावाने होणारी हळहळ ही शूटची नव्हे, आपली आहे. आमच्या घरीही वडिलांची पट्टी चामडी म्यानात जपून ठेवलेली असल्यामुळे, या मोहातून मी सुटलो आहे असे मला म्हणवत नाही.

ग्रंथ वाचू लागताच ध्यानात येते ते हे की, ज्या साधनाचे नाव त्यास दिले आहे त्याचे वर्णन त्यात फारच थोडे आहे. जे आहे ते मात्र अस्सल आहे. ‘आर-१००’ या हवाई जहाजाच्या सांगाड्यावरील ताणांचा हिशेब शूटकडे होता. एकेका आडव्या चौकटीसाठी दोघा गणकांची जोडी दोन-तीन महिने खपत असे. हाती फुलरची पट्टी, म्हणजे नळकांड्यावर मळसूत्रासारखी गुंडाळलेली, उलगडल्यास ४१ फूट ८ इंच भरेल अशी मापरेषा! पानेच्या पाने आकडे मांडावेत, अखेरीस ताणलेली म्हणून धरलेली एखादी तार ढिलीच आहे असे निघावे आणि सारे पुन्हा पहिल्यापासून आरंभावे. उत्तर जुळल्यावर होणारे समाधान शूटला जवळजवळ धार्मिक अनुभूतीसारखे वाटले. आत्मचरित्रातील उत्तम भाग कोणता असे मला कोणी विचारल्यास मी हीच पाने दाखवीन.

आता स्नेह्यांचे म्हणणे असे की, सरकपट्टी माणसाला शहाणे करते. ती दशांशचिन्ह सांगत नाही, २.५ आणि २५० यांची जागा तिच्यावर एकच. म्हणून उत्तर किती मोठे यावे याचा अदमास आधी मनाशी बांधावा लागतो. हे खरे आहे; वडिलांचा अदमास मी पाहिलेला आहे. परंतु ‘आर-१०१’ हे सरकारी जहाज बांधणाऱ्यांपाशी तरी याहून वेगळी साधने कोठे होती? ते पुरेसे भार उचलीना म्हणून मधोमध कापून त्यात नवा भाग बसविण्यात आला, पूर्ण वेगाची चाचणी झालीच नाही, आणि कराचीस निघालेले ते जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळले. ५४ जणांपैकी ४८ जण दगावले. शूट याचा दोष सरकारी घाईस व गर्वास देतो. तो प्रतिस्पर्धी गोटातला असल्यामुळे त्याचा शब्द साक्षीदाराचा मानावा, न्यायाधीशाचा नव्हे. तथापि त्याच्याच हकीकतीत दिसते की, पट्टीच्या माथी आपण मारतो तो गुण दोन महिने एकमेकांचे आकडे तपासणाऱ्या त्या जोडीचा, आणि त्यांना तेवढा अवधी देणाऱ्या वरिष्ठांचा होता. कॅनडास जाऊन सुखरूप परतलेले ‘आर-१००’ही पुढल्याच वर्षी मोडीत निघाले.

उत्तरार्ध शूटच्या विमान-कंपनीच्या भांडवलात गुंतला आहे. तेथे माझे मन रमले नाही. ग्रंथ परत करताना चौकटींच्या हिशेबाच्या पानावर मी खूण ठेवली आहे; स्नेह्यांनी तेवढे पुन्हा वाचावे.