गुप्तद्वार आणि संबोधनविभक्ती

अद्भुतकथेतील गुप्तद्वार मंत्राने हुडकले की त्याचे गूढ सरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. टोल्किनच्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ (१९५४) मधील मोरियाचे पश्चिमद्वार ती खोटी ठरविते. गँडाल्फ खडकावरून हात फिरवून मंत्र पुटपुटतो. चांदण्यातच उजळणाऱ्या रेषा प्रकट होतात. शोधकमंत्राचे कार्य येथे संपते. उरतो तो केवळ वाचनाचा प्रश्न. द्वारलेखातील ‘मेल्लोन’, म्हणजे मित्र, हे पद त्याला संबोधन वाटते. वस्तुतः ते ‘म्हण’ या क्रियापदाचे कर्म होय, आणि तोच परवलीचा शब्द. अलिबाबाच्या गुहेत कासीम शब्द विसरतो. येथे तो डोळ्यांपुढे असून उमगत नाही. ही कल्पना निःसंशय अधिक सरस आहे.

मराठी अनुवादकाची मात्र येथे कोंडी होते. ‘मित्रा, बोल’ असे लिहावे तर उत्तर बुजते. ‘मित्र म्हण’ असे लिहावे तर कोडेच उरत नाही. ‘बंधू बोल आणि आत ये’ या रचनेत दोन्ही अर्थ कसेबसे टिकतात. परंतु मग एल्फ व ड्वार्फ यांच्यात एकेकाळी नांदलेल्या, रक्ताच्या नात्यावाचूनच्या मैत्रीची साक्षच त्या द्वारावरून पुसली जाते.