जुन्या विणीचे पाठ आणि त्यांविषयीची ओढ

जेन वॉलर यांचा 'अ स्टिच इन टाइम' हा ग्रंथ 1972 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. 1920 ते 1950 या तीन दशकांत इंग्रजी नियतकालिकांतून व लोकर-गिरण्यांच्या पत्रकांतून छापल्या गेलेल्या सुईच्या विणकामाच्या आणि क्रोशाच्या कृती त्यांत एकत्र केलेल्या होत्या. ज्या काळी असल्या कागदांना रद्दीची किंमत होती त्या काळी हे संकलन झाले, हा त्याचा पहिला गुण. 2008 मध्ये सुसान क्रॉफर्ड यांच्या सहकार्याने त्याची नवी, पुष्कळ वाढविलेली आवृत्ती निघाली, आणि 2011 मध्ये दुसरा खंड आला. या दोन तारखांच्या मधल्या छत्तीस वर्षांत जुन्या हातविणीच्या कपड्यांविषयीची ओढ ही काही थोड्या संग्राहकांची आवड न राहता एक व्यापक अभिरुची बनली. तिचे मूल्यमापन मात्र बहुधा कपड्यांच्या देखणेपणापाशी थांबते. वास्तविक येथे प्रश्न वाङ्मयीन अभ्यासकाच्या ओळखीचा आहे. जुनी कृती हा एक पाठ आहे. तो कोणी, कोणासाठी, कोणत्या साधनांच्या आधारे लिहिला, आणि आजच्या वाचकाला तो जसाच्या तसा वाचता येतो काय, हा तो प्रश्न होय.

मराठी वाचकाला आरंभीच एक सावधगिरी बाळगावी लागते. मराठीत 'विणणे' हे क्रियापद मागावरच्या कापडाला, बाजेच्या सुंभाला, चटईला आणि लोकरीच्या स्वेटराला सारखेच चालते. ताणा-बाणा असलेले विणकाम आणि दोन सुयांवर एकाच धाग्याचे फासे एकमेकांत गुंतवून केलेले विणकाम या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिली अतिप्राचीन आहे. दुसरी तिच्या मानाने बरीच अलीकडची. तिचे जे सर्वांत जुने निश्चित अवशेष उपलब्ध आहेत ते ईजिप्तमधील असून ते साधारण अकराव्या शतकाच्या पलीकडे जात नाहीत. ही कालगणना डोळ्यांआड केली म्हणजे काय घडते याचे उत्कृष्ट उदाहरण आयर्लंडच्या पश्चिमेकडील अ‍ॅरन बेटांच्या स्वेटरात सापडते.

पांढऱ्या जाड लोकरीचा, पिळांच्या आणि चौकटींच्या उठावदार विणीचा हा स्वेटर हाइन्झ एडगर कीवे या ऑक्सफर्डच्या वस्त्रव्यापाऱ्याने 1936 मध्ये डब्लिन येथे पाहिला. पुढे 1967 साली 'द सेक्रेड हिस्टरी ऑफ निटिंग' या पुस्तकात त्याने या विणीचे मूळ थेट 'बुक ऑफ केल्स' या सुमारे इ. स. 800 च्या सचित्र हस्तलिखितापर्यंत नेले. तेथील एका आकृतीच्या अंगावर त्याला अ‍ॅरनचे पीळ दिसले. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे, आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याचा देह त्या विणीवरून ओळखला जाई, ही कथाही याच सुमारास दृढ झाली. या कथेला पुरावा म्हणून बहुधा जे. एम. सिंग यांच्या 'रायडर्स टू द सी' या 1904 साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाचा दाखला दिला जातो.

तो दाखला तपासून पाहण्यासारखा आहे. नाटकात बुडालेल्या मायकेलची ओळख पटते ती मोज्यावरून, स्वेटरावरून नव्हे. आणि ती पटते तीही कुलचिन्हावरून नव्हे. बहिणीने स्वतः तो मोजा विणलेला असतो. किती टाके घातले आणि किती गाळले ही संख्या तिच्या लक्षात असते, आणि ती जुळते. सिंग यांनी जे लिहिले त्याचे सामर्थ्य नेमके या खाजगीपणात आहे. जी खूण साऱ्या गावाला वाचता आली असती ती एकट्या विणणारणीच्या स्मरणात ठेवल्यामुळेच तो प्रसंग इतका असह्य होतो. त्या खाजगी हिशेबाचे सार्वजनिक घराणेपद्धतीत रूपांतर करणे हा वाचनाचा दोष आहे, आणि वस्त्रेतिहासाच्या नावाखाली तो दोष दशकानुदशके खपला.

या कल्पित इतिहासाचा समाचार रिचर्ड रट यांनी 'अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग' या 1987 च्या ग्रंथात घेतला. रट हे लेस्टरचे बिशप. त्यापूर्वी कोरियात धर्मोपदेशक असताना त्यांनी कोरियन काव्याचा अभ्यास व अनुवाद केला होता. संहितेला प्रश्न विचारण्याची ती सवय त्यांनी लोकरीच्या इतिहासातही सोडली नाही. उलट टाक्याचा युरोपातील सर्वांत जुना ज्ञात नमुना 1562 साली मृत्यू पावलेल्या तोलेदोच्या एलिओनोरा हिच्या मोज्यांत आढळतो. आणि उलट टाक्यावाचून अ‍ॅरनची उठावदार वीण उभीच राहत नाही. मग आठशे वर्षे आधीच्या हस्तलिखितात ती कोठून येणार? अ‍ॅरनचा आजचा स्वेटर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे, आणि त्याच्या प्रसारात डब्लिनमधील दुकाने, मेरी थॉमस यांच्या 1943 च्या पुस्तकासारखी छापील साधने व पुढे क्लॅन्सी बंधूंसारखे गायक यांचा वाटा मोठा आहे. फेअर आयल बेटाच्या रंगीत विणीचीही हीच गत. 1588 साली स्पॅनिश आरमाराचे 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज त्या बेटावर फुटले हे खरे. परंतु त्या खलाशांनी बेटकऱ्यांना नक्षी शिकविली या दंतकथेला आधार नाही. त्या विणीला जगभर प्रतिष्ठा मिळाली ती 1922 साली इंग्लंडच्या युवराजाने सेंट अँड्रूज येथे गोल्फच्या मैदानावर तसला स्वेटर घातल्यामुळे.

रट यांच्या खंडनाने रसभंग होतो अशी तक्रार केली जाते, पण ती तक्रार टिकणारी नाही. अ‍ॅरनच्या स्त्रियांनी विसाव्या शतकात, डोळ्यांदेखत, एक नवी शैली निर्माण केली ही हकीकत एखाद्या अनामिक प्राचीनतेपेक्षा अधिक विस्मयकारक आहे. प्राचीनतेचा आरोप करताना त्या स्त्रियांचे कर्तृत्वच हिरावले जाते, याकडे स्मरणरंजनात रमलेल्या लेखकांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

कृतींचे पुस्तक याहून निराळ्या जातीचे असते. तेथे दंतकथेला वाव कमी, कारण कृती चुकीची वाचली तर बाही आखूड होते. इंग्रजीतील छापील विणकृतीचा पहिला ज्ञात नमुना 1655 च्या 'नेचुरा एक्सेंटराटा' या ग्रंथात मोज्यांसाठी दिलेला आहे, आणि तो वाचणे जिकिरीचे काम आहे. एडिंबरोच्या जेन गॉगेन यांनी 1840 साली 'द लेडीज असिस्टंट' प्रसिद्ध केले तेव्हा टाक्यांसाठी स्वतःची एक अक्षरलिपीच बनविली. सर्वमान्य संक्षेप रूढ व्हायला पुढे बराच काळ जावा लागला, आणि रूढ झालेले संक्षेपही स्थिर राहिले नाहीत. 'मेक वन', म्हणजे एक टाका वाढवा, ही सूचना एकोणिसाव्या शतकातील पुस्तकात सुईवर धागा घेऊन जाळीचे छिद्र करावे अशा अर्थाने येते. आज तीच सूचना दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून छिद्र न पडू देता टाका वाढवावा अशा अर्थाने वापरली जाते. शब्द तोच, अर्थ उलट. जुन्या बखरीतील एखाद्या शब्दाला आजचा अर्थ चिकटवून अनर्थ करणारे संपादक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या प्रकाराचे नवल वाटणार नाही.

सुयांच्या क्रमांकांचेही तसेच. जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक: आठ क्रमांकाची सुई चार मिलिमीटरची, तर चौदा क्रमांकाची दोन मिलिमीटरची. अमेरिकन पद्धती याच्या उलट चालते. इंग्लंडने मिलिमीटर स्वीकारल्यावरही भारतात हे जुने क्रमांक टिकले. म्हणून 'पट्टी बाराच्या सुयांवर, अंग दहाच्या सुयांवर' असे सांगणारी मराठी गृहिणी 1930 च्या इंग्रजी पत्रकाचा हा भाग आजच्या इंग्रज वाचकापेक्षा अधिक सहज वाचू शकते. जुन्या पाठाची एखादी किल्ली मूळ देशाबाहेर राहून जाते, तसेच हे.

सर्वांत अवघड पाठदोष मात्र कागदावर दिसतच नाही. तो लोकरीचा. कृतीत ज्या लोकरीचे नाव असते ती आता निघत नाही, आणि 'तीनपदरी' किंवा 'चारपदरी' या शब्दाने जाडी नेमकी ठरत नाही. समजा, मूळ कृतीत इंचाला आठ टाके धरून बत्तीस इंच छातीसाठी 256 टाके सांगितले आहेत. आजच्या किंचित जाड लोकरीवर इंचाला सातच टाके बसले, तर तेच 256 टाके साडेछत्तीस इंचांहून थोडे अधिक भरतात. एकही अक्षर न बदलता पाठ बदलला! शिवाय त्या काळच्या पुष्कळ कृती एकाच मापासाठी, तेही बत्तीस-चौतीस इंच छातीसाठी, लिहिलेल्या असत. तेव्हा जुनी कृती 'जशीच्या तशी' विणणे ही गोष्ट बहुतेक वेळा शक्य नसते. शक्य असते ते संपादन.

वॉलर-क्रॉफर्ड आवृत्तीचे महत्त्व येथे आहे. मूळ सूचना छायाप्रतीत राखून, आजच्या लोकरीवर व अनेक मापांत बेतलेली नवी संहिता तिच्यासोबत देण्याचा मार्ग या आवृत्तीने पत्करला. हा चिकित्सक आवृत्तीचाच मार्ग म्हणावयाचा: वाचकाला संपादकाचा हस्तक्षेप कोठे झाला हे ताडून पाहता येते. जुन्या कृतीवर मुकाट्याने नवा हात फिरवून तिला 'अस्सल' म्हणून विकणाऱ्या अनेक संग्रहांपेक्षा ही शिस्त कितीतरी वरची आहे. कीवे यांनी मूळ झाकून अर्थ वाढविला. येथे मूळ उघडे ठेवून अर्थ सावरला आहे.

तरीही या प्रकारच्या संग्रहांविषयी एक आक्षेप उरतो. पत्रकातील चित्रात दिसणारी हसरी तरुणी आणि तो स्वेटर घरी विणणारी स्त्री यांच्यात जे अंतर होते ते पुनर्मुद्रणात मिटून जाते. 1941 च्या 1 जूनपासून 1949 च्या मार्चपर्यंत ब्रिटनमध्ये कपड्यांवर शिधापद्धती होती. पहिल्या वर्षी माणशी 66 कूपने मिळत, आणि विणण्याच्या लोकरीलाही कूपने मोजावी लागत. त्या वर्षांतील रंगीबेरंगी पट्ट्यांच्या व फेअर आयल धर्तीच्या कृतींकडे आज रंगांच्या हौसेचा आविष्कार म्हणून पाहिले जाते. उरलेल्या लोकरीच्या निरनिराळ्या रंगांच्या लहान गुंड्या संपवायच्या तर दुसरा उपाय कोणता होता? सरकारी पत्रके जुने स्वेटर उसवून ती लोकर पुन्हा विणण्याचा उपदेश करीत होती. मराठी घरांतही लहान झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीला वाफ द्यायची आणि धाकट्या भावंडासाठी टोपडे किंवा बंडी करायची, ही रीत परिचित आहे. याचा परिणाम असा की जे कपडे सर्वाधिक वापरले गेले तेच सर्वांत कमी उरले. आणि संग्रहालयांत जे दिसते ते बहुधा जपून ठेवलेले, म्हणजे कमी वापरलेले.

शेटलंडच्या बाबतीत हे अंतर अधिक बोचते. पाठीवर वाळलेल्या पीटची टोपली, कमरेला चामड्याचा भोकाभोकांचा पट्टा, त्यात रोवलेली सुई, आणि चालता चालता विणणारी स्त्री, अशी छायाचित्रे पूर्वी टपालकार्डांवर खपत आणि आज विणकामाच्या पुस्तकांतून पुन्हा छापली जातात. त्यांच्यातले सौंदर्य नाकारता येत नाही. परंतु हात रिकामे ठेवणे परवडत नव्हते म्हणून ती चालताना विणीत होती. ट्रक-पद्धतीची चौकशी करणाऱ्या आयोगाचा शेटलंडविषयीचा अहवाल 1872 साली प्रसिद्ध झाला. त्यातील साक्षींवरून दिसते की विणणाऱ्या स्त्रियांना मोबदला रोख न मिळता व्यापाऱ्याच्या दुकानातील चहा व कापड या रूपांत मिळे, आणि पिठासाठी तोच चहा पुन्हा कोठेतरी बदलावा लागे. लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येईल अशी तलम शाल ज्या बोटांनी विणली, त्या बोटांना तिची किंमत ठरविण्याचा अधिकार नव्हता. तो अहवाल आणि ती शाल एकाच कपाटात ठेवून वाचल्या पाहिजेत; शालीची कृती छापणाऱ्या पुस्तकांत अहवालाला चार ओळी मिळाल्या तरी त्यांचे वजन वाढेल.

विंचेस्टर कला विद्यालयाच्या ग्रंथालयात, म्हणजे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या छत्राखाली, रट यांचा व वॉलर यांचा असे दोन्ही संग्रह आता एकत्र नांदत आहेत, ही अभ्यासाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. रट यांच्या संग्रहातील व्हिक्टोरियन पुस्तिका तर संगणकीय प्रतींच्या रूपाने दूरच्या वाचकालाही पाहता येतात. पुढील काम ग्रंथसूचीपेक्षा सूक्ष्म आहे. वापरलेल्या जुन्या पत्रकांवर ओळीओळीला पेन्सिलीच्या खुणा असतात, कोठे छापील संख्या खोडून बाहीचे टाके वाढविलेले असतात, कोठे समासात मुलाचे माप असते. पुनर्मुद्रणासाठी संपादक साहजिकच स्वच्छ प्रत शोधतात. डागाळलेली, खुणांनी भरलेली प्रत मागे राहते. पाठचिकित्सेच्या दृष्टीने निवड नेमकी उलटी व्हावयास हवी, कारण ती कृती कोणी, कोणत्या अंगासाठी, कोणता बदल करून विणली हे सांगणारा एकमेव साक्षीदार त्या मागे पडलेल्या प्रतीच्या समासातच आहे.